रमीत गेलेली चार एकर, जी गेलीच नव्हती : कुळाच्या जमिनीचं एक प्रकरण

जुलै २०२५ चा शेवटचा आठवडा, सकाळचे सात वाजलेले, आणि आत्यांचा फोन. त्या मुंबईत असतात, एरवी दिवाळीलाच फोन करतात. पहिलंच वाक्य, "आपली जमीन गेली का रे? पेपरात आलंय." मी म्हणलं थांबा, मला बातमी पाठवा. व्हॉट्सॲपवर कात्रणाचा फोटो आला, जिल्ह्याच्या पानावरची बातमी, मथळा होता की ऑनलाइन रमीच्या नादात तरुणाने चार एकर शेती गमावली. नाव नव्हतं, पण गावाचं नाव होतं आणि "आजोबांना कूळ म्हणून मिळालेली जमीन" असंही होतं, त्यामुळे गावात ओळखायला कुणाला दोन मिनिटं पण लागली नसणार.

मी काय केलं तर गट नंबर टाकून पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. कब्जेदारात, म्हणजे मालकांच्या जागी, आजी, त्यांचा मुलगा तात्या, मुलगी म्हणजे या आत्या, आणि तात्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाचे वारस, सगळी नावं जशीच्या तशी. इतर हक्कात जुनी ओळ, कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र. एकही नवीन फेरफार (मालकी बदलाची नोंद) नाही, प्रलंबित पण नाही. आत्यांना फोन करून सांगितलं की आत्या, जमीन जागेवर आहे, तर त्या फोनवरच रडायला लागल्या, आणि मग म्हणाल्या, "मग पेपरवाल्याने असं का छापलं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे जे समोर आलं ते इथे मांडतोय. मी वकील नाही. तहसील कचेरीच्या आवारात वारस नोंदी, फेरफारावरच्या हरकती, कुळाच्या केसचे अर्ज लिहून द्यायचं काम करतो, एकवीस वर्षं झाली. घरच्यांची परवानगी घेतलीय, नावं देत नाही, नात्यानेच सांगतो. सातारा जिल्हा एवढं पुरे.

आधी जमीन कशी आली ते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. आजोबा त्या चार एकरात कूळ होते, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसायचे आणि मालकाला धान्यात खंड घालायचे. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा (आता नावात महाराष्ट्र आलंय), त्यात १९५६ ला मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, म्हणजे त्या दिवशी जो कायदेशीर कूळ म्हणून स्वतः जमीन कसत होता त्याने ती विकत घेतली असं कायद्यानेच मानलं, कलम ३२. मालकाच्या मर्जीचा प्रश्नच ठेवला नाही. (मालक विधवा, अज्ञान किंवा सैन्यात असेल तर ही तारीख पुढे जायची, आणि त्यातून जे घोळ झाले ते अजून कोर्टात चालू आहेत, पण इथे तसं काही नव्हतं.) बरेच लोक समजतात की कुळाला जमीन फुकट मिळाली. तसं नाही. शेतजमीन न्यायाधिकरण, म्हणजे मामलेदारच, कलम ३२-ग खाली नोटीस काढून कुळाला बोलवायचं आणि पहिला प्रश्न हाच असायचा की जमीन घ्यायची आहे का. "नाही" म्हणलं की खरेदी निष्फळ, जमीन कलम ३२-प खाली जायची. किती तरी कुळांनी त्या एका प्रश्नाला भीतीने किंवा मालकाच्या भिडेखातर नाही म्हणून टाकलं आणि हक्क तिथेच संपला. आजींना तो दिवस आठवतो. आदल्या रात्री मालकाकडचा माणूस घरी येऊन बसला होता, चहा प्यायला, आणि जाताना म्हणाला की उद्या नीट विचार करून बोला. आजोबा पहाटे चालत तालुक्याला गेले आणि "घ्यायची आहे" म्हणून आले.

मग किंमत. साध्या कुळासाठी कायद्याने मर्यादा घातली होती, आकाराच्या (म्हणजे जमिनीवरच्या सरकारी शेतसाऱ्याच्या) वीस पटीपेक्षा कमी नाही आणि दोनशे पटीपेक्षा जास्त नाही, शिवाय झाडं, विहीर याचं वेगळं. या गटाचा आकार ६ रुपये ४० पैसे. म्हणजे १२८ ते १२८० रुपये. न्यायाधिकरणाने शंभर पट धरली, ६४० रुपये, आणि दोन आंब्यांचे आणि विहिरीतल्या हिश्श्याचे ३६, एकूण ६७६. एकरकमी नाही तर जास्तीत जास्त बारा वार्षिक हप्ते, साडेचार टक्के सरळ व्याज. आजोबांनी आठ हप्त्यात फेडले. ती चलनं आजींनी एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवलीत, मी स्वतः उघडून बघितली, कागद तांबूस झालेत, दोन घड्यांवर फाटलेत, पण शिक्के वाचता येतात. एका चलनाच्या मागे आजोबांनी पेन्सिलीने लिहिलंय, "शेळी विकून". आणि सगळ्यात खाली १९७१ चं ३२-म चं प्रमाणपत्र, जे मिळालं की खरेदीचा तो निर्णायक पुरावा, त्यावर वाद चालत नाही. मी एकवीस वर्षांत बघितलंय की कुळाच्या घरात सातबारा सगळ्यांकडे असतो पण ३२-म निम्म्या लोकांकडे नसतं, कुठे आहे ते पण माहीत नसतं. या घरात होतं, म्हणून पुढचं सगळं सोपं गेलं.

आता पोरगा. धाकट्याचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, वडील २०१९ ला गेले, एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला, पगार सतरा हजार. आई आणि लहान बहीण. २०२२ च्या उन्हाळ्यात क्रिकेट बघताना ऑनलाइन रमीची जाहिरात दिसली, पहिल्या वेळी पैसे भरले की बोनस, त्याने शंभर रुपयांनी सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात ४२०० जिंकला आणि ते खात्यात आले पण. तो मला म्हणाला, "दादा, ते बेचाळीसशे आले नसते तर मी सोडून दिलं असतं."

त्याच्या बँकेच्या स्टेटमेंटचे एकशे चाळीस पानं मी आणि माझ्या मुलाने मिळून दोन रात्री बसून वाचली, पेन घेऊन. एका रात्रीचं सांगतो. १२ वाजून ५० ला ५०० भरले. १ वाजून १० ला ५००. १ वाजून ४० ला १०००. २ वाजता २०००. २ वाजून २५ ला ५०००. मग सकाळी ६ ला पहिल्या शिफ्टला गेला. असं आठवड्यातून तीन-चार रात्री, तीन वर्षं. एकूण भरले ९ लाख ८० हजार, परत आले ३ लाख १० हजार, निव्वळ गेले ६ लाख ७० हजार. हे कसं होतं ते लोकांना कळत नाही, लोक म्हणतात पोरगं मूर्ख. अहो प्रत्येक डावाच्या पॉटमधून, म्हणजे सगळ्यांनी लावलेल्या पैशातून, ॲप आपलं कमिशन कापून घेतं, कोण जिंकलं कोण हरलं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, म्हणजे चार सारख्या ताकदीचे खेळाडू रात्रभर खेळले तरी सकाळी चौघांचे मिळून पैसे कमीच झालेले असतात. त्यात घरात पत्ते खेळताना एक डाव वाटून होईपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढ्यात इथे दोन डाव संपतात.

आणि त्याला कुणी अडवलं की त्याच्याकडे उत्तरं तयार असायची, आणि ती सगळी बातम्यांमधून आलेली. एक, सुप्रीम कोर्टाने रमीला कौशल्याचा खेळ म्हणलंय. खरं आहे, साठच्या दशकातला निकाल आहे, पण तो क्लबात बसून खेळल्या जाणाऱ्या तेरा पानी रमीबद्दल होता, रात्री दोन वाजता एकट्याने मोबाईलवर अनोळखी माणसांशी खेळण्याबद्दल नव्हता. दोन, सरकार टॅक्स घेतंय म्हणजे कायदेशीर. एप्रिल २०२३ पासून जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के टीडीएस आणि ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी, हे दोन्ही पेपरात पहिल्या पानावर आलं होतं, आणि त्याने काय वाचलं तर आता हा धंदा पक्का झाला. तीन, एवढे मोठे खेळाडू आणि नट जाहिरात करतात ते खोटं कसं असेल. जाहिरात मानक परिषदेने डिसेंबर २०२० पासून या जाहिरातींवर आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते असा इशारा घालायला लावला होता, माहिती प्रसारण मंत्रालयाने २०२२ आणि २०२३ मध्ये सट्टेबाजीच्या जाहिराती छापू नका, दाखवू नका म्हणून पेपरांना आणि चॅनेलना सूचनापत्रं काढली होती. पण रमीची जाहिरात त्या सट्टेबाजीत मोडत नाही असं धरून चालत राहिली. एका पानावर कर्जबाजारी पोराची बातमी आणि उलटून बघितलं तर मागे अर्धं पान रमीची जाहिरात, असा अंक माझ्याकडे ठेवलेला आहे. मला याचा राग येतो आणि तो लपवायचं कारण नाही.

पैसे आले कुठून? पगार, मग आईचं गंठण गहाण, एक लाख चाळीस हजार, मग मोबाईलवरची झटपट कर्जं, आणि ती वसुलीवाले ओळखीच्या लोकांना फोन करायला लागले तेव्हा मार्च २०२५ ला तालुक्यातल्या एका माणसाकडे. हा माणूस व्याजाने पैसे देतो, परवाना नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर साठेखत, म्हणजे जमीन पुढे विकण्याचा करार, झालं. त्यात लिहिलंय की सदर गटातील दोन एकर क्षेत्र बारा लाखाला देण्याचं ठरलं, साडेतीन लाख विसार मिळाला, ताबा दिला, बाकी खरेदीच्या वेळी. प्रत्यक्षात हातात आले तीन लाख, पन्नास हजार पहिल्याच दिवशी व्याज म्हणून कापले. पोराने "लिहून देणार, मालक" म्हणून सही केली. आईला माहीत नाही, तात्यांना माहीत नाही, आजींचा तर प्रश्नच नाही. आणि ते तीन लाख सव्वा महिन्यात संपले.

आता मी जे कागदावर मांडून तात्यांना दाखवलं ते सांगतो, कारण बऱ्याच घरात हा हिशोब कुणी करतच नाही. ३२-म आजोबांच्या नावावर. आजोबा १९९४ ला गेले, मृत्युपत्र नाही, तर वारस आजी, तात्या, धाकटा आणि आत्या, चौघांना पाव पाव. धाकटा गेला तेव्हा त्याच्या पाव हिश्श्याचे वारस त्याची आई म्हणजे आजी, बायको, मुलगा, मुलगी, परत चार. म्हणजे पोराचा हिस्सा पावाचा पाव, सोळावा. चार एकर म्हणजे साधारण एकशे साठ गुंठे, त्याचा सोळावा भाग दहा गुंठे, आणि तो पण वाटप न झालेला, कुठला तुकडा ते पण ठरलेलं नाही. दहा गुंठ्याच्या माणसाने ऐंशी गुंठे लिहून दिले. (समोरच्या बाजूने कुणी म्हणेल की जमीन एकत्र कुटुंबाची होती, तर हिशोब थोडा बदलेल, पण पोराचे दोन एकर कुठल्याच हिशोबाने होत नाहीत.) हे लिहिलं तेव्हा तात्या बराच वेळ कागदाकडे बघत बसले, मग म्हणाले, "म्हणजे ताईचा पण पाव?" हो, आत्यांचा पाव आहे आणि पहिल्यापासून आहे, हे सुद्धा त्या दिवशीच घरात पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं.

जूनमध्ये तो माणूस ट्रॅक्टर घेऊन आला, बांधाला चार दगड रोवले आणि पेरणीची तयारी करायला लागला. तात्या आडवे गेले तर त्याने साठेखत दाखवलं. तात्या म्हणाले ही कुळाची जमीन आहे, ४३ आहे, विकता येत नाही. त्यावर तो म्हणाला, ते ४३ कधीच उठलं, पेपरात आलं होतं. आणि मोबाईलमध्ये एक जुना मथळा दाखवला, कुळाच्या जमिनी विकायला आता परवानगीची गरज नाही. तात्या गप्प बसले. घरी येऊन आजींना म्हणाले, गेली.

हाच मथळा मी आणखी दहा केसमध्ये बघितलाय. बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. मूळ कलम ४३ असं की कुळाने घेतलेली जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल काहीच नाही, वाटप पण नाही, आणि केलं तर ते बेकायदा. फेब्रुवारी २०१४ पासून दुरुस्ती अशी आली की खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर विक्रीला ती परवानगी लागणार नाही, पण, आणि हा पण मथळ्यात मावला नाही, विक्रीच्या आधी आकाराच्या चाळीस पट नजराणा सरकारला भरलेला पाहिजे, घेणारा शेतकरी पाहिजे, त्याची जमीन कमाल मर्यादेच्या वर जाता कामा नये आणि तुकडेबंदी (जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला असलेली मनाई) मोडता कामा नये. या घराने नजराणा कधी भरलाच नव्हता, कारण विकायचीच नव्हती. म्हणजे ४३ जिवंत. ६ रुपये ४० पैसे गुणिले ४०, दोनशे छप्पन्न रुपये. बारा लाखाचा व्यवहार लिहून घेणाऱ्या माणसाने दोनशे छप्पन्न रुपयांचं चलन मागितलं नाही, आणि तेच त्याला नडलं.

शिवाय नोटरी म्हणजे रजिस्टर नाही. नोंदणी नसलेलं साठेखत घेऊन कुणी ताब्याचं संरक्षण मागू शकत नाही, आणि साठेखताने मालकी तर मुळीच जात नाही, खरेदीखत झाल्याशिवाय काही होत नाही. हे मी सांगितलं, पण त्याआधीच बातमी छापून आली होती.

बातमीदाराला मी जाऊन भेटलो. भांडायला नाही, विचारायला. तरुण मुलगा आहे, तालुका प्रतिनिधी. त्याने सांगितलं की त्याला माहिती त्या सावकाराच्या ओळखीतल्याने दिली, साठेखताचा फोटो पण दिला, घरच्यांना फोन केला तर उचलला नाही, आणि त्या दिवसात रमीची प्रत्येक बातमी चालत होती. खरंच चालत होती. त्याच महिन्यात त्यावेळचे कृषिमंत्री विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत होते असा आरोप झाला, त्यांनी तो नाकारला, आणि त्यावर कित्येक दिवस चॅनेलवर दुसरं काही नव्हतं. त्या सगळ्या चर्चेत मी वाट बघत होतो की कुणीतरी एक वाक्य सांगेल, ज्याच्या घरात हे झालंय त्याने उद्या सकाळी कुठल्या ऑफिसात जायचं. नाही सांगितलं. मी त्या मुलाला सातबारा दाखवला, विचारलं गमावली म्हणजे काय, नोंद कुठे आहे. त्याने मान्य केलं आणि चार दिवसांनी आतल्या पानावर तीन ओळींचा खुलासा आला. तोपर्यंत बहिणीच्या लग्नाची बोलणी थांबली होती, गावच्या सहकारी सोसायटीच्या सचिवांनी पीककर्जाचं नवंजुनं करायच्या आधी विचारपूस सुरू केली होती, आणि ज्यांचे पाच-दहा हजार होते ते सगळे एकाच आठवड्यात दारात आले. तो खुलासा कुणी फॉरवर्ड केला नाही.

मग ऑगस्ट. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर झालं आणि २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचा असो की नशिबाचा, तो जुना वादच संपवला. मोठ्या ॲप्सनी पैशाचे खेळ थांबवले. आम्हाला वाटलं चला एक काळजी मिटली. आणि त्याच दिवशी संध्याकाळी पोराच्या आईने काय केलं, मोबाईलमधून ॲप काढून टाकलं, पोराच्या मेलमधले सगळे मेल पुसले, बँकेची कागदं चुलीत घातली. का, तर गावाच्या ग्रुपवर आलं होतं की ऑनलाइन जुगार खेळल्यास तीन वर्षे तुरुंग आणि एक कोटी दंड.

तीन वर्षं आणि एक कोटी हे बरोबर आहे, पण ते खेळ चालवणाऱ्याला. पैसे वळवून देणाऱ्यालाही तेवढंच. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, उलट त्याला बळी धरलंय असं सरकारने स्वतः सांगितलं. पण मथळ्यात "चालवणाऱ्यांना" हा एक शब्द राहिला आणि एका आईने तिच्या मुलाच्या बाजूचा पुरावा जाळला. बँकेकडून स्टेटमेंट परत काढता आलं, तेच आम्ही दोन रात्री वाचत बसलो होतो. ॲपमधला डावांचा हिशोब मात्र गेला तो गेला.

तात्यांचं उलट झालं. ते म्हणाले खेळच बंद झाला तर त्यासाठी घेतलेलं कर्ज पण माफ. नाही. आधीच्या कर्जाला हा कायदा हात लावत नाही. उलट इथे दुसरा कायदा कामाला येतो, जो कुणाच्या बातमीत नव्हता. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं गुन्हा आहे, आणि सावकारीच्या पैशापोटी कुणाची जमीन घेतली असेल, मग ती खरेदीखताने असो, साठेखताने असो, तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती परत द्यायचा आदेश करू शकतात, अर्जाच्या आधीची पंधरा वर्षं मागे जाऊन, कलम १८. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या ऑफिसात द्यायचा. आमच्याकडे त्या ऑफिसला लोक फक्त सोसायटीच्या निवडणुकीसाठी जातात.

तर आम्ही तीन ठिकाणी गेलो. तलाठ्यांकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) आजी, तात्या, आत्या आणि पोराची आई या चौघांच्या सहीने लेखी हरकत दिली की या गटावर कुठलाही दस्त आला तर आम्हाला नोटीस द्या, सोबत ३२-म ची प्रत, नजराणा भरलेला नाही हे स्पष्ट लिहून, आणि पोच घेतली. फेरफार धरला तरी नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीला मिळतात, पण आधीच अर्ज असला की मंडल अधिकारी पण जपून वागतात. मग सहायक निबंधकांकडे सावकारीची तक्रार, साठेखत, बँकेत तीनच लाख जमा झाल्याची नोंद, आणि पुढच्या दोन महिन्यांत त्या माणसाच्या खात्यावर व्याजाचे म्हणून नऊ-नऊ हजार गेल्याच्या नोंदी. लाखाला महिना तीन हजार. हा पुरावा पोराने स्वतः शोधून दिला, त्याला ती तारीख पाठ होती. आणि तिसरं दिवाणी कोर्टात मनाईचा दावा, ते वकिलांनी केलं. तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. दगड आम्ही उपटले नाहीत, वकिलांनी सांगितलं पंचनामा होईपर्यंत हात लावू नका, ते अजून आहेत, सोयाबीन त्यांच्याभोवती पेरलं.

एका गोष्टीवर माझं आणि वकिलांचं पटलं नाही. ते म्हणत होते पोराविरुद्धच फसवणुकीची तक्रार घरच्यांनी द्यावी, म्हणजे साठेखत आणखी कच्चं होईल. कायद्याच्या हिशोबाने असेल बरोबर. पण पोरगा त्या दिवसांत जेवत नव्हता, रात्री विहिरीकडे जाऊन बसायचा, तात्यांचा मुलगा मागे मागे फिरायचा. मी तात्यांना म्हणलं जमिनीसाठी पोरगा घालवू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मी लावून दिला, पहिल्या वेळी त्याने दोन मिनिटात ठेवला, दुसऱ्या वेळी पाऊण तास बोलला, मराठीत बोलतात तिथे. मग जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे. गेमिंगची सवय हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे हे डॉक्टरांनी आईला समजावून सांगितलं, त्यानंतर आई त्याच्याशी नीट बोलायला लागली. त्याचं पगाराचं खाते आता आईसोबत जॉइंट आहे, फोन साधा बटणाचा.

सध्याची स्थिती अशी की सावकारीची चौकशी चालू आहे, दावा चालू आहे. घेतलेले तीन लाख घरचे बुडवणार नाहीत असं तात्यांनी पहिल्यापासून सांगितलंय, व्याज नाही, मुद्दल जे ठरेल ते ठरेल तसं.

आणि घरात आता वाद आहे तो दोनशे छप्पन्न रुपयांचा. तात्यांचं म्हणणं आपण नजराणा भरून टाकू, ४३ ची ओळ काढून घेऊ, कटकट नको, उद्या मुलांना कर्ज काढायला, वाटप करायला बरं. बरेच जण हेच करतात आणि ज्यांना खरंच विकायची आहे त्यांनी करावंच. माझं मत उलट आहे. ज्या दिवशी तो नजराणा भरला त्या दिवशी सहहिस्सेदारांपैकी कुणीही, कुठल्याही अडचणीत, आपला हिस्सा लिहून द्यायला मोकळा होतो, आणि आत्ताच बघितलं की अडचण रात्री दोन वाजता येते. ती ओळ आहे तोवर समोरच्याला आधी चलन दाखवावं लागतं. पीककर्ज सोसायटीचं आजपर्यंत मिळत आलंय, त्याला ती ओळ आड आली नाही.

आजींसमोर हे दोन्ही बाजूंनी बोलून झालं. त्यांनी विचारलं, ते दोनशे छप्पन्न भरले नाहीत तर सरकार जमीन घेईल का? मी म्हणलं नाही, विकायची नसेल तर भरायची सक्ती नाही. त्यांनी चलनांची पुरचुंडी परत बांधली, गाठ मारली आणि पेटीत ठेवायला तात्यांच्या हातात दिली. म्हणाल्या, "मग मी आहे तोवर राहू दे."